बाप्तिस्म्याला आलेले पाहुणे : केवळ निमंत्रित नव्हे, श्रद्धेचे साक्षीदार



नाताळच्या आगेमागे वसईतील आपल्या धर्मग्रामांतून एक चित्र हमखास दिसते. शनिवारी दुपारपासून एखादे घर माणसांनी भरू लागते. अंगणात मांडव पडतो, आखाती देशातून सुट्टीवर आलेले काका सामान उतरवतात, मामाकडची मंडळी बाळासाठी पांढरा झगा घेऊन येतात. रात्री ओटीवर अंथरुणे अपुरी पडतात. रविवारी सकाळी एकच धांदल उडते, चर्चमध्ये बाप्तिस्मा होतो, पाठोपाठ छायाचित्रे, जेवण आणि रात्री गाणीबजावणी. सोमवारी सकाळी पाहुणे परततात आणि दमलेले बाळ शांत झोपी जाते.

या आनंदाला आमचा विरोध नाही. नवे मूल देवाच्या कुटुंबात आले म्हणून आप्तांनी एकत्र यावे, हे योग्यच आहे. मात्र दोन दिवसांच्या या गजबजाटात ज्या अर्ध्या तासासाठी सारे जमले, तोच अर्धा तास घाईत उरकला जाऊ नये, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.

पाहुण्यांसाठी संस्कार थांबावा काय?

पुष्कळदा बाप्तिस्म्याची तारीख परदेशातील नातलगांच्या रजेवर ठरते आणि बाळ सहा-आठ महिन्यांचे होते. १९८३ च्या कॅनन लॉनुसार (कलम ८६७) जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बालकाचा बाप्तिस्मा व्हावा, ही आईवडिलांची जबाबदारी आहे. बाळाच्या जीवाला धोका असल्यास तर विलंब न लावता तो द्यावा. रविवारी बाप्तिस्मा देण्याची शिफारसही ख्रिस्तसभा करते (कलम ८५६). मात्र ती सुट्टीच्या सोयीसाठी नव्हे. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे, हे त्यामागील कारण होय. नातलगांची वाट पाहणे हे प्रेमाचे लक्षण खरे. परंतु बाळाला मिळणारी कृपा ही त्याहून मोठी भेट आहे.

विधीतील आपला वाटा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली बालकांच्या बाप्तिस्मा-विधीत आईवडील व धर्ममातापित्यांची भूमिका अधिक स्पष्ट व्हावी, असे सांगितले. त्यानुसार १९६९ साली सुधारित विधी प्रसिद्ध झाला. प्रवेशद्वारापाशी धर्मगुरू बाळाचे नाव विचारतात, त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि मग आईवडील व धर्ममातापित्यांनाही तशी खूण करावयास सांगतात. पुढे ते सैतानाचा त्याग करतात व श्रद्धा प्रकट करतात आणि जमलेला समुदाय त्या श्रद्धेला आपली संमती देतो. म्हणजेच मागच्या बाकावर बसलेल्या आत्याचेही येथे काम आहे. ती जर त्या वेळी बाहेर मोबाईलवर बोलत असेल, तर समुदायाच्या उत्तरात एक आवाज कमी पडतो.

‘मी’ आणि ‘आम्ही’

कुटुंबाच्या सहभागाला मर्यादाही आहे. काही ठिकाणी आईवडील, आजीआजोबा, आप्तेष्ट अशा सर्वांच्या नावाने ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे शब्द वापरले गेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने असा बाप्तिस्मा वैध नसल्याचे स्पष्ट केले. हेतू चांगला असला तरी संस्कार कुटुंबाचा अथवा समुदायाचा नसतो. धर्मगुरूंच्या मुखातील ‘मी’ हा ख्रिस्ताचा असतो. ख्रिस्तच बाप्तिस्मा देतो. आपण सारे त्याचे साक्षीदार आहोत, यजमान तो आहे.

धर्ममातापिता कोण?

या निवडीवरून घरात रुसवेफुगवे होतात, हे आपण जाणतो. मोठ्या पगाराचा मामा की थोरला काका, असा वाद रंगतो. ख्रिस्तसभेची अपेक्षा निराळी आहे. एक धर्मपिता वा एक धर्ममाता पुरेशी असते. दोघे असल्यास एक पुरुष व एक स्त्री असावी. त्यांचे वय साधारणतः सोळा वर्षे पूर्ण असावे, त्यांनी दृढीकरण व ख्रिस्तशरीर साक्रामेंत स्वीकारलेले असावे आणि त्यांचे जीवन श्रद्धेला शोभेसे असावे (कलम ८७४). बाळाचे स्वतःचे आईवडील ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. सोन्याची साखळी एका दिवसात देता येते, उदाहरण मात्र वर्षानुवर्षे द्यावे लागते.

काही सूचना

– शनिवारी संध्याकाळी पाहुणे जमले की प्रथम एकत्र रोझरी म्हणावी आणि बाळासाठी प्रार्थना करावी. वडीलधाऱ्यांनी पूर्वजांच्या श्रद्धेच्या आठवणी सांगाव्यात.

– ज्यांना शक्य असेल त्यांनी आधी प्रायश्चित्त संस्कार स्वीकारावा.

– विधी सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे चर्चमध्ये यावे. छायाचित्रकाराला कोठे उभे राहायचे ते आधीच सांगावे.

– कर्ज काढून मेजवानी देऊ नये. बाळाच्या नावाने एखाद्या गरीब कुटुंबाला जेवण पोहोचवावे.

– बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपून ठेवावी आणि त्या दिवशी ती दरवर्षी पेटवावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस भाविकांना वारंवार विचारीत असत, की तुम्हांला तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊक आहे काय? वाढदिवस आपण विसरत नाही. ही तारीख मात्र बहुतेकांना धर्मग्रामाच्या नोंदवहीत शोधावी लागते. पुढच्या वेळी एखाद्या बाळाच्या बाप्तिस्म्याला जाताना आपापली तारीख शोधून जाऊ या. मग कुंडातील पाणी बाळाच्या मस्तकावर पडताना आपल्यालाही आपला बाप्तिस्मा आठवेल आणि सोमवारी घरी परतताना आपण रिकाम्या हाताने परतणार नाही.