प्रेस नको, रोलर पुरे : जिलेटिनची प्लेट घरीच करा

चित्रकलेच्या तासाला छापकाम म्हटलं की भेंडी-बटाट्याच्या ठशांपुढे गाडी सहसा जात नाही. पुढच्या छापकामाला प्रेस लागते आणि ती लहान शाळेला परवडत नाही. मोनोप्रिंट मात्र प्रेसशिवाय होतं. यात एका चित्राचा एकच छाप निघतो; त्याला जिलेटिनची लवचिक प्लेट आणि हाताचा दाब पुरतो. तयार जेल प्लेट ऑनलाइन मिळतात, पण वर्गभर मुलांसाठी घ्यायच्या तर हिशेब बसत नाही. घरची प्लेट फाटली तरी वितळवून पुन्हा ओतता येते, माल वाया जात नाही.

8 बाय 5 इंचांच्या ट्रेसाठी बिनचवीची जिलेटिन पावडर 6 मोठे चमचे, मेडिकलमधलं ग्लिसरीन पाऊण कप आणि कडकडीत पाणी पाऊण कप घ्यायचं. पावडर आधी ग्लिसरीनमध्ये कालवायची, मग पाणी ओतून हळू ढवळायचं. जोरात फेटलं की फेस येतो आणि प्रत्येक बुडबुड्याचा ठिपका छापात दिसतो. राहिलेले बुडबुडे वर्तमानपत्राच्या पट्टीने एका कडेला ओढून घ्यावेत. गुठळ्या असतील तर भांडं गरम पाण्यात ठेवावं; उकळू मात्र देऊ नये, प्लेट कच्ची राहते. सपाट जागी ओतून रात्रभर ट्रेला हात लावायचा नाही.

ग्लिसरीनमध्ये काटकसर नको. नुसत्या पाण्यातली प्लेट फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि तरीही काही दिवसांत तिला बुरशी धरते. ग्लिसरीन घातलेली प्लेट बाहेर महिनोन्महिने टिकते. झेरॉक्स येण्याआधी शाळा-कार्यालयांत प्रती काढायला जे हेक्टोग्राफ वापरत, त्यातही जिलेटिन आणि ग्लिसरीनच असे.

छापताना रोलरने अॅक्रेलिक रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा. त्यावर पिंपळाचं किंवा पेरूचं पान, शिरांची बाजू खाली करून ठेवायचं. कागद दाबून उचलला की पानाची जागा पांढरी राहते. खरी मजा पुढे आहे. पान अलगद काढून लगेच दुसरा कागद दाबला की शिरा न् शिरा उमटते. कडक देठ आधी कापून टाकावा, नाहीतर प्लेट चिरते.

एक गोष्ट पालकांना आधीच सांगावी. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. आपल्या भागात जैन, लिंगायत घरं पुष्कळ आहेत. नंतर कळून वाद होण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. चायना ग्रास शाकाहारी खरं, पण त्याची प्लेट ठिसूळ होते आणि दाबाखाली तुटते. अशा घरांसाठी तयार कृत्रिम प्लेटच घ्यावी, मग ती दोघा-तिघांत एक का असेना.

प्लेट उन्हात ठेवू नये, वितळते. आणि वितळलेलं मिश्रण बेसिनमध्ये कधीच ओतू नये, पाइपात जाऊन घट्ट बसतं.