चेहऱ्यावरची लाली आणि लेझरचा प्रकाश

गालांवर लाली चढणे हे आपल्याकडे आरोग्याचे अथवा लज्जेचे लक्षण मानले जाते. परंतु ही लाली उतरायचे नावच घेईनाशी झाली, गाल, नाक, कपाळ व हनुवटीवर ती कायमची मुक्कामाला आली आणि तिच्या जोडीला बारीक पुटकुळ्या व जळजळ जाणवू लागली, तर तो ‘रोझेशिया’ हा दीर्घकाळ चालणारा त्वचाविकार असू शकतो. डोळे चुरचुरणे, लाल होणे हेही कित्येकदा त्याचेच अंग असते.

या विकाराचा खरा जाच दुखण्यापेक्षा गैरसमजाचा अधिक असतो. लाल नाक पाहून लोक मद्यपानाचा संशय घेतात. दिवसभर काउंटरवर ग्राहकांसमोर बसणाऱ्या निर्व्यसनी माणसाला हे किती लागत असेल! मद्याने चेहरा अधिक लाल होतो हे खरे. पण ऊन, उकाडा, वाफाळता चहा, तिखट रस्सा आणि मानसिक ताण यांनीही तो तसाच फुलतो.

रोझेशियात त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या वारंवार प्रसरण पावतात व पुढे काही कायमच्याच फुगलेल्या राहतात. गालांवर दिसणारे लाल धाग्यांचे जाळे ते हेच. पुटकुळ्यांवर मेट्रोनिडॅझोल, ॲझेलिक ॲसिड वा आयव्हरमेक्टिनची मलमे आणि डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या उपयोगी पडतात. मात्र फुगलेल्या वाहिन्या त्यांना सहसा दाद देत नाहीत. लेझरचे काम तेथे सुरू होते.

त्यामागचे तत्त्व 1983 मध्ये अमेरिकेतील रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या वैद्यकांनी मांडले. प्रत्येक रंगद्रव्य विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते. रक्तातील हिमोग्लोबिन 577 नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश उत्तम शोषते. म्हणून ‘पल्स्ड डाय लेझर’ 585 वा 595 नॅनोमीटरचा प्रकाश क्षणभरच सोडतो. रक्त तापते, वाहिनीची भिंत आतून भाजून मिटते आणि उष्णता आजूबाजूला पसरण्यापूर्वीच झोत थांबलेला असतो. मिटलेल्या वाहिनीची विल्हेवाट शरीर पुढील काही आठवड्यांत लावते. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. कधी जांभळे डाग उमटतात व ते आठ-पंधरा दिवस टिकतात. घरात लग्नकार्य असल्यास तारीख पाहूनच उपचार घ्यावेत, हे ओघाने आलेच.

आपल्याकडे मात्र एक मोठी अडचण आहे. सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असते आणि तेही हाच पिवळा प्रकाश शोषते. रक्तवाहिनीसाठी निघालेली उष्णता वाटेतच वरच्या थरात अडकली, तर त्वचा भाजून काळे वा पांढरे डाग पडू शकतात. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली मात्रा येथे जशीच्या तशी चालत नाही. वैद्यकांना मात्रा बेताची ठेवावी लागते, झोताबरोबर त्वचा थंड करावी लागते. काही वेळा 1064 नॅनोमीटरचा ‘एनडी-याग’ लेझर निवडतात, कारण मेलॅनिन तो बरेच कमी शोषते. पण हिमोग्लोबिनही तो कमी शोषत असल्याने ऊर्जा वाढवावी लागते व अननुभवी हातात तीच व्रण ठेवून जाते. प्रथम कानालगतच्या छोट्या जागी चाचणी घेण्याचा आग्रह रुग्णाने अवश्य धरावा.

सावळ्या चेहऱ्यावर लाली चटकन ओळखूही येत नाही. मग ‘मुरुमे असतील’ म्हणून दुकानातून स्टिरॉइडयुक्त मलम आणले जाते. दोन दिवस चेहरा निवळतो. पुढे त्वचा पातळ होऊन लाली दुपटीने उफाळते. अशी अनेक मलमे केंद्र सरकारने 2018 मध्ये चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. लेझरपूर्वी अशा मलमांचा इतिहास त्वचारोगतज्ज्ञांपासून लपवू नये.

साधारणतः महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात. लाली बरीच ओसरते, पण विकाराची प्रवृत्ती राहतेच. त्यामुळे उन्हापासूनचा बचाव सुटत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा एखादी बैठक घ्यावी लागते. खर्चाचा अंदाज बांधताना हे ध्यानात घ्यावे. आरोग्यविमा कंपन्या लेझरला बहुधा सौंदर्योपचारांत गणून दावा नाकारतात, तेव्हा पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान पहिल्या बैठकीआधीच वाचलेले बरे.