जुन्या 'मसल' मोटारी आणि स्वच्छ हवा

१९६४ साली पाँटिॲकने मध्यम आकाराच्या मोटारीत ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून 'जीटीओ' विक्रीस आणली. अमेरिकेतील 'मसल कार'चा बहर येथून सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९७० चा स्वच्छ हवा कायदा व १९७३ चे तेलसंकट यांमुळे तो ओसरला. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र १९७५ च्या मोटारींपासून रूढ झाले. त्यापूर्वीच्या या गाड्यांत ते नाही. म्हणून किलोमीटरमागे त्या आजच्या मोटारीच्या कितीतरी पट विषारी वायू सोडतात.

तरीही हवेच्या बाबतीत कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाने १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना नियतकालिक धूरतपासणीतून सूट दिली आहे. अशा गाड्या थोड्या असून क्वचितच रस्त्यावर येतात, हे तिचे समर्थन. परंतु सवलत वयाला आहे, वापराला नाही. रोज कामावर नेली जाणारी जुनी गाडीही तीतून सुटते. विद्युत मोटर बसविल्यास धूर थांबतो खरा, पण ज्या गडगडाटासाठी शौकीन गाडी जपतो तोही थांबतो!

भारताने २०२१ मध्ये केलेले नियम येथे अधिक नेमके आहेत. मूळ स्वरूपात राखलेल्या, ५० वर्षांवरील मोटारींची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती यांखेरीज नेहमीच्या वापरासाठी त्या रस्त्यावर आणता येत नाहीत.