पाच वॅट, एक तार आणि सायकल

सायकलवर रेडिओ बांधून निघालेल्या हॅमला, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकाला, वाटेत भेटणारे लोक पहिला प्रश्न हमखास शक्तीचा विचारतात. किती वॅट? पाच, असं उत्तर आलं की शंका सुरू होते. घरातल्या एलईडी दिव्यालाही याहून जास्त वीज लागते, मग आवाज दुसऱ्या राज्यात पोचणार कसा? नुकताच परवाना मिळालेल्या हॅमांच्या मनातही हीच शंका घर करून असते आणि त्यापायी कित्येकांचा छोटा संच कपाटात पडून राहतो. म्हणून आधी तिचा हिशेब मांडतो.

सिग्नलचा जोर दाखवणारं एस-मीटर असं आखलेलं असतं, की शक्ती चौपट केली तर काटा एकच घर पुढे सरकतो. १०० वॅटचे २५ केले, एक घर गेलं. २५ चे सव्वासहा केले, दुसरं गेलं. म्हणजे १०० वॅटवर तुम्ही ज्याच्याकडे एस-९ पोचता, त्याच्याकडे पाच वॅटवर एस-७ च्या किंचित खाली पोचता. आवाज बारीक होतो, पण शब्द न् शब्द कळतो. खरी अडचण मुळातच दुबळ्या सिग्नलची आहे. १०० वॅटवर जेमतेम एस-३ मिळत असेल तर पाच वॅटवर तो सिग्नल गोंगाटात बुडतो. तिथे मोर्स कामाला येतो. बोलायला सुमारे अडीच किलोहर्ट्झचा पट्टा लागतो, मोर्सला काहीशे हर्ट्झ पुरतात. फिल्टर तेवढा अरुंद केला की गोंगाटाचा बराचसा भाग कानापर्यंत येतच नाही. नोबेलविजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही संगणकीय पद्धत आणली. तिच्यात ०.२ वॅटचे सिग्नलही महासागरापलीकडे नोंदले जातात. त्यात गप्पा होत नाहीत, फक्त स्टेशनची खूण पोचते, पण कमी शक्ती किती लांब जाते याचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे.

या सगळ्यात सायकलचं काम काय? वॅट वाढवणं तिला जमत नाही, ती जागा बदलते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि लिफ्टच्या मोटारी मिळून शॉर्टवेव्हवर इतका खरखराट करतात की दूरची बारीक हाक त्याखाली चिरडली जाते. वेल्हे किंवा भोरच्या पुढे गेलात की हा खरखराट मागे राहतो. तिथे आपल्याला इतर ऐकू येऊ लागतात, आणि समोरचा ऐकू आल्याशिवाय संवाद होतच नाही. माझ्या मते सायकलवरच्या रेडिओची निम्मी कमाई अशी कानांची आहे.

दुसरा समज असा, की लांब बोलण्यासाठी डोंगरमाथा गाठलाच पाहिजे. व्हीएचएफच्या हँडसेटपुरतं ते खरं आहे. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, मध्ये सह्याद्रीची भिंत आली की संपलं. ७ मेगाहर्ट्झची गोष्ट निराळी. ताम्हिणीसारख्या दरीत, चहूबाजूंनी कडे असताना, सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे मध्यात जोडलेली तारेची अँटेना, जमिनीपासून चार-पाच मीटरवर ताणला तर त्याची बरीचशी शक्ती सरळ वर जाते. दिवसा आपल्याकडचं आयनावरण या लहरी परत खाली पाठवतं आणि त्या तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात पसरतात. कडा मध्ये येतच नाही, कारण वाट त्याच्या डोक्यावरून आहे. यासाठी उंच खांब नको. मासे धरायच्या गळाची फायबरची घडीची काठी फांदीला बांधून तिच्यावर तारेचा मध्य टांगायचा आणि दोन्ही टोकं दोरीने खाली ओढायची. फक्त वर महावितरणच्या तारा नाहीत ना, हे आधी डोकं वर करून पाहावं. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ढग दाटू लागले की तार उतरवावी. त्या दिवसांत लांबच्या विजांचा कडकडाटही या बँडवर सतत ऐकू येतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस शांत.

लांबचं गाठायचं असेल तर मी घाटापेक्षा कोकण निवडेन. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. हरिहरेश्वर किंवा केळशीच्या किनाऱ्यावर, लाटांच्या जवळ, पाच मीटरची तार उभी केली आणि वाळूवर दोन-चार तारा पसरल्या, की १४ मेगाहर्ट्झची शक्ती क्षितिजाला लागून पश्चिमेकडे निघते. संध्याकाळी लहरी युरोपपर्यंत पोचत असतील तर पाच वॅटला उत्तर मिळतं. समुद्रसपाटीवरची ही जागा कित्येक शिखरांना भारी पडते.

पेडल मारत माइकवर बोलायचं, हे चित्र मात्र फार थोड्यांच्या बाबतीत खरं असतं. रहदारीत हँडलवरून हात काढून बटण दाबणं धोक्याचं आहे, आणि शॉर्टवेव्हची चांगली अँटेना धावत्या सायकलवर मावत नाही. बहुतेक जण थांबतात, तार बांधतात, मग बोलतात. पेडलवर रेडिओ चालतो, हाही समज तपासून पाहावा. चाकाच्या आसातला डायनॅमो साधारण ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. घाट चढताना वेग उतरला की तेवढेही मिळत नाहीत. उलट, पाच वॅटचा संच ऐकताना सुमारे ०.४ आणि बोलताना २ अँपिअर घेतो असं धरलं, आणि पाव वेळ आपण बोललो, तर ३ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साडेतीन तासांहून जास्त चालते. एका मुक्कामाला ते भरपूर झालं.

सायकलवर रेडिओचं ओझं झेपणार नाही, ही वजनाची भीती जुन्या काळातून आली असावी. अमेरिकेत स्टीव्हन रॉबर्ट्स १९८३ मध्ये संगणक घेऊन सायकलवर देशभर निघाले. त्यांनी नंतर बांधलेली, हॅम रेडिओ असलेली ‘बेहेमोथ’ ही सायकल तब्बल २६० किलोंची होती. आज दहा वॅटचा, स्वतःची बॅटरी असलेला संच किलोभराचा येतो. तो महाग असतो हे खरं. पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून, कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरून, सुमारे सहा वॅटचा ‘बिटएक्स’ उभा केला आणि त्याचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. जगभरच्या हॅमांनी तो घरी जोडला. स्वस्तात सुरुवात करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनी आधी ही वाट पाहावी असं मला मनापासून वाटतं.

शक्ती कमी म्हणून परवाना नको, असं मात्र अजिबात नाही. हॅम बँडवर एक वॅट सोडायलाही परीक्षा, परवाना आणि कॉलसाइन लागतं. आपल्याकडच्या परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची परीक्षा नाही आणि बाराव्या वर्षापासून बसता येतं. तिची ५० वॅटची मर्यादा सायकलस्वाराला दसपट पुरते. स्टेशन घराबाहेर नेण्याविषयी आपल्या परवान्यावर काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचावं.

राहिला शेवटचा समज, आणि तो सर्वांत घातक: रेडिओ जवळ आहे म्हणजे संकटात मदत नक्की मिळणार. त्सुनामीनंतर अंदमानात आणि भूकंपानंतर भूजमध्ये हॅमांनी निरोप पोचवले, पण तिथे त्या कामाला बसलेली, वेळ वाटून घेतलेली माणसं होती. दरीत एकट्याने दिलेली हाक त्या क्षणी त्या फ्रिक्वेन्सीवर कोणी असेल तरच ऐकली जाते. रेंज असेल तर आधी ११२ लावा. रेंज नसेल अशा वाटेवर जायचं असेल तर घरून निघतानाच दोन हॅम मित्रांना मार्ग, फ्रिक्वेन्सी आणि दिवसातल्या दोन वेळा लिहून द्या. ठरल्या वेळी हाक आली नाही तर कोणी, कोणाला, किती वेळाने फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिहा.