कर्मचारी आणि कामाची जागा – लेखांक ६ : रुजलेले आणि अडकलेले

कर्मचारी नोकरी का सोडतात याचा अभ्यास व्यवस्थापनशास्त्रात दीर्घकाळ होत आला असला, तरी ते का टिकतात हा प्रश्न बराच काळ त्याच्या सावलीत राहिला. असमाधानी माणूस सोडून जातो, म्हणजे जो राहिला तो समाधानी असणार, अशी सरधोपट समजूत त्यामागे होती. प्रत्यक्षात मात्र रोज कुरकुर करणारे कित्येक जण त्याच जागेवरून निवृत्त होतात आणि कसलीही तक्रार नसलेला एखादा कर्मचारी अचानक राजीनामा देतो. २००१ मध्ये टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका किराणा दुकानांच्या साखळीतील व एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून या कोड्याचा विचार टिकण्याच्या बाजूने केला. त्यांनी मांडलेल्या संकल्पनेला येथे ‘रुजलेपण’ असे म्हटले आहे.

या मांडणीत तीन घटक आहेत. पहिला घटक संबंधांचा, म्हणजे सहकारी, वरिष्ठ, शेजारी आणि नातलग यांच्याशी जडलेल्या नात्यांचा; दुसरा जुळणीचा, म्हणजे आपली कौशल्ये, मूल्ये आणि पुढील आयुष्याच्या कल्पना त्या कामाशी व त्या गावाशी कितपत मिळतात याचा; आणि तिसरा त्यागाचा, म्हणजे नोकरी सोडल्यास पदरचे काय काय गमवावे लागेल याचा. कचेरीच्या भिंतींबाहेरचे जगही या हिशेबात धरले, हे या विचाराचे खरे महत्त्व आहे, कारण मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांचा दवाखाना आणि गृहकर्जाचा हप्ता यांचे वजन पगारवाढीच्या पत्रापेक्षा पुष्कळदा जास्त भरते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, हक्काची बढती डावलली गेल्यावर ती नोकरी सोडली आणि ते बेळगावात बंधूंसोबत व्यवसायात उतरले. तेथील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन देऊ केली, आणि १९१० मध्ये निवडुंग माजलेल्या, सापांनी भरलेल्या त्या माळावर नांगर व कडबा कापण्याची यंत्रे बनवणारा कारखाना उभा राहू लागला. बेळगावातील कामगारांपैकी काही जण बायकामुलांसह तेथे आले. गाव नाही, बाजार नाही, पक्के घर नाही अशा ठिकाणी कुटुंब घेऊन जाणाऱ्याला तिसऱ्या घटकाने बांधले होते असे म्हणता येत नाही, कारण गमावण्याजोगे तेथे अजून काही निर्माणच झालेले नव्हते. त्यांना मालकाचा शब्द आणि एकमेकांची सोबत एवढ्यावरच विसंबावे लागले. घरे आणि इतर सोयी मागाहून आल्या, १९२० मध्ये तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले, आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवरही तेथे रखवालीची जबाबदारी सोपवली गेली. ज्याला बाहेर कोणी दारात उभे करणार नाही त्याच्या हाती किल्ल्या देणे, हा जुळणी निर्माण करण्याचा फार धाडसी मार्ग होता, आणि स्वतः डावलले गेल्याचा अनुभव असलेल्या संस्थापकाला माणसाची पारख जातीवरून वा भूतकाळावरून करणे पटत नसावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

तथापि वसाहत वसवली की निष्ठा आपोआप येते, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० च्या दशकात कामगारांसाठी विटांची घरे, बागा, ग्रंथालय आणि नाट्यगृह असलेले आखीव नगर वसवले होते, परंतु तेथील घर कामगाराला विकत घेता येत नसे आणि नगराच्या कारभारात त्याला मत नसे. १८९३ च्या मंदीत कंपनीने मजुरी कापली, घरभाडे मात्र तसेच ठेवले, त्यामुळे भाडे वळते झाल्यावर हातात येणाऱ्या रकमेत कुटुंबाचे पोट भरेना. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या शिष्टमंडळातील तिघांना कामावरून कमी केल्यावर मे १८९४ मध्ये संप सुरू झाला आणि पाहता पाहता देशाच्या मोठ्या भागातील रेल्वे वाहतूक ठप्प झाली. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत या नगरातील भाडी शिकागो परिसरातील तशाच घरांच्या तुलनेत २० ते २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. येथे तिसरा घटक भरपूर होता, कारण नोकरी गेली की घरही जात होते. पण त्यामुळे माणसे रुजली नव्हती, अडकली होती.

हा फरक समजण्यासाठी अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये केलेली मांडणी उपयोगी पडते. बिघडत चाललेल्या संस्थेतील माणसापुढे बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा ही त्याला बाहेर पडण्याआधी आवाज उठवून पाहायला लावते, असे त्यांनी दाखवले. आवाज उठवणाऱ्यालाच घरी बसवले तर उरलेले गप्प राहतात, आणि हजेरीपटावर ती शांतता निष्ठेसारखीच दिसते. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्याने घातलेली ५ वर्षांच्या सलग सेवेची अट पूर्ण होईपर्यंत थांबलेला कर्मचारी आणि कामात जीव रमला म्हणून थांबलेला कर्मचारी यांत आकडेवारी भेद करीत नाही. तो भेद कळण्यासाठी त्याने शेवटची तक्रार केव्हा केली आणि तिचे पुढे काय झाले, हे पाहावे लागते.

म्हणूनच राजीनामा दिलेल्याची मुलाखत घेण्याची आज रूढ झालेली पद्धत अपुरी वाटते. त्याचा निर्णय झालेला असतो, नवे नेमणूकपत्र खिशात असते आणि जुन्या वरिष्ठांना दुखवण्याची त्याला इच्छा नसते, त्यामुळे ‘अधिक चांगली संधी’ एवढेच उत्तर कागदावर उतरते. हेच प्रश्न दोनतीन वर्षे मुरलेल्या, अद्याप कोठेही अर्ज न केलेल्या कर्मचाऱ्याला विचारले आणि त्याने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक तरी महिनाभरात बदलून दाखवली, तर पाचवी गोष्ट तो न विचारता सांगू लागतो.