वायूविना वेल्डिंग : घरगुती फ्लक्स-कोअर यंत्राची निवड आणि वापर

वितळलेल्या पोलादाला हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागले की जोडात बारीक छिद्रे पडतात आणि तो ठिसूळ होतो. त्यामुळे वेल्डिंगच्या प्रत्येक पद्धतीत हवेला दूर ठेवण्याची काही ना काही तजवीज असतेच. फॅब्रिकेशनच्या दुकानांत वापरल्या जाणाऱ्या रॉडवर त्यासाठी रसायनांचा लेप असतो, तर मिग पद्धतीत भरीव तारेभोवती सिलिंडरमधील वायू सोडला जातो. फ्लक्स-कोअर पद्धतीत हेच रसायन, म्हणजे फ्लक्स, पोकळ तारेच्या पोटात भरलेले असते. ते जळताना स्वतःच संरक्षक वायू निर्माण करते आणि थिजणाऱ्या जोडावर स्लॅगचा, म्हणजे मळीचा, थर धरते. अमेरिकेतील लिंकन इलेक्ट्रिक या कंपनीने १९५८ साली अशी स्वयंरक्षित तार बाजारात आणली.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी यांचा खर्च वाचणे आणि वाऱ्यातही उघड्यावर काम करता येणे, हे या पद्धतीचे दोन मोठे फायदे आहेत. त्यांच्या बदल्यात धूर अधिक होतो, वितळलेल्या धातूचे शिंतोडे आजूबाजूला चिकटतात आणि प्रत्येक जोडावरची मळी झाडावी लागते. सुमारे १.२ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला भोक पडण्याची भीती असते, आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी ही पद्धत उपयोगी नाही. म्हणून ज्याला २ ते ४ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाची, म्हणजे एमएसच्या चौकोनी पाइपची किंवा अँगलची कामे करायची आहेत, त्याच्यासाठीच हे यंत्र खऱ्या अर्थाने सोयीचे ठरते.

स्वस्त यंत्र निवडताना बहुतेक ग्राहक खोक्यावरचा अँपिअरचा मोठा आकडा पाहतात; वास्तविक निर्णय घरातील वीजजोडणीपासून सुरू व्हायला हवा. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून जास्तीत जास्त सुमारे ३.७ किलोव्होल्ट-अँपिअर एवढीच शक्ती मिळते. यंत्र तारेच्या टोकाशी १०० अँपिअर प्रवाह सुमारे १९ व्होल्ट दाबाने देते, तेव्हा केवळ आर्कमध्ये, म्हणजे तार आणि धातू यांमधील विद्युत ज्योतीत, १.९ किलोवॉट खर्च होतात, आणि यंत्रातील घट धरता सॉकेटवरचा भार त्याहून बराच अधिक असतो. २०० अँपिअरला आर्कचीच गरज सुमारे ४.८ किलोवॉटची असल्यामुळे त्या आकड्याची जाहिरात करणारे यंत्र घरगुती सॉकेटवर तेवढा प्रवाह देऊच शकत नाही. वर सांगितलेल्या जाडीसाठी ८० ते १३० अँपिअर पुरेसे असतात. मात्र या कक्षेच्या वरच्या टोकाला काम करण्यापूर्वी स्वतंत्र वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे ड्यूटी सायकल, अर्थात दहा मिनिटांच्या कालावधीत यंत्र किती वेळ सलग चालू शकते याचे प्रमाण. १२० अँपिअरला २० टक्के असे लिहिले असेल, तर दोन मिनिटे वेल्डिंग केल्यावर आठ मिनिटे यंत्र थंड होऊ द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानात होते. विदर्भातील मे महिन्यात हवाच त्याहून तापलेली असल्यामुळे तेथे विश्रांतीचा काळ आणखी वाढवावा लागतो.

तारेची खरेदीही डोळसपणे करावी लागते, कारण सारख्या दिसणाऱ्या रिळांवरील शेवटचे अक्षर किंवा अंक सर्व काही बदलतो. ई७१टी-जीएस ही तार वायूविना आणि एकाच थराच्या जोडासाठी असते, ई७१टी-११ वायूविना अनेक थरांसाठीही चालते, पण ई७१टी-१ या तारेला बाहेरून वायू लागतोच. पहिल्या दोन तारांसाठी गन ऋण टोकाला आणि अर्थ क्लॅम्प धन टोकाला जोडतात. भरीव तारेच्या मिगमध्ये ही जोडणी नेमकी उलट असते. म्हणून टोकांची अदलाबदल करता येणारे, प्रवाह एकाच दिशेने देणारे डीसी यंत्र घ्यावे. तार ढकलणारा रोलर दातेरी असावा आणि त्याचा दाब बेताचा ठेवावा, कारण जास्त दाबाने पोकळ तार चेपते. फ्लक्स दमट हवेतील ओलावा शोषतो. कोकणातील पावसाळ्यात उरलेले रीळ हवाबंद डब्यात ठेवणेच योग्य.

प्रत्यक्ष कामात जोडाच्या कडा ग्राइंडरने घासून गंज आणि रंग काढावा, क्लॅम्प स्वच्छ धातूवर लावावा आणि आधी थोड्या थोड्या अंतरावर टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते जोड, मारून सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे पाहावे. ०.८ मिलिमीटर जाडीची तार गनच्या टिपेबाहेर सुमारे १२ मिलिमीटर ठेवून गन किंचित तिरपी धरतात आणि मागे ओढत नेतात, म्हणजे मळी वितळलेल्या धातूच्या पुढे येऊन आत अडकत नाही. तारेचा वेग वाढवला की प्रवाह वाढतो आणि व्होल्टेज वाढवले की जोड रुंद व सपाट होतो. म्हणून दोन्हींचा मेळ त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर बसवून घ्यावा. दुसरा थर देण्यापूर्वी पहिल्यावरील मळी चिपिंग हातोडीने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी.

यंत्राच्या किमतीत बचत करता येते, संरक्षणात नाही. आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांना आणि त्वचेला भाजते. त्यासाठी १० ते ११ क्रमांकाच्या काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे आणि जाड सुती कपडे लागतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांमध्ये गणला, आणि गॅल्व्हनाइझ्ड पाइपवरील जस्ताच्या धुराने थंडी-तापही येतो. म्हणून काम उघड्यावर करावे आणि जस्ताचा थर आधी उतरवावा. तेलाचे किंवा इंधनाचे रिकामे पिंप कधीही वेल्डिंगला घेऊ नये. कुंड्यांचा स्टँड, कामाचे टेबल किंवा कुंपणाचे फाटक यांसाठी हे यंत्र पुरेसे आहे; जिना, गच्चीचा कठडा किंवा माणसाचा जीव ज्यावर अवलंबून असतो असा कोणताही जोड प्रशिक्षित वेल्डरकडेच द्यावा.