कारवीचा आठवा पावसाळा

कवितेत ‘कारवी’ आली, की ‘कुडाच्या भिंतीची काठी’ एवढा अर्थ सांगून मी पुढे जात असे. ती फुलते हे ठाऊकच नव्हते! २०१६ च्या पावसाळ्यात सौ.ने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओढून नेले, तो उतारच्या उतार जांभळे!

हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते. पाने जोडीजोडीने, समोरासमोर, खरखरीत नि दातेरी. आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि वाळून मरते. मागाहून सुकी बोंडे तडकून बी उडते; रान पुन्हा उगवायचे ते त्याच बियांतून. आमच्या आठ वर्षांच्या कन्येने मूठभर तुरे तोडले, मी कौतुकाने पाहत राहिलो.

२०२४ ला पुन्हा गेलो. या खेपेस माझाच हात पुढे झाला. “बाबा, बी धरू द्या ना!” ती म्हणाली. आता २०३२. तोवर मी निवृत्तीला टेकलेला असेन.